घरचा पाहुणचार, भाड्याची गाडी आणि सेवेचा दर्जा

वास्को हे गोव्याच्या प्रवेशद्वारांपैकी एक होय. मुरगाव बंदर, लोंढ्याकडून येणाऱ्या लोहमार्गाचा शेवट आणि दाबोळीचा विमानतळ ही तिन्ही ठिकाणे एकाच तालुक्यात, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. ५ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यात मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून वाहतूक सुरू झाली आणि गोव्याला आकाशमार्गाची दोन दारे लाभली. दार कोणतेही असो, बाहेर पडणाऱ्या पाहुण्यापुढे दोनच प्रश्न उभे राहतात : जावयाचे कसे आणि उतरावयाचे कोठे?

या प्रश्नांची उत्तरे पूर्वी स्थानकाबाहेरील टॅक्सी स्टँडवर, पिवळ्या खुणेची मोटारसायकल चालविणाऱ्या ‘पायलट’कडे, एखाद्या हॉटेलात किंवा आप्तस्वकीयांच्या घरी मिळत असत. आता ती बहुधा मोबाइलवरील ॲपमध्ये शोधली जातात. घर मालकाचे, गाडी चालकाची आणि मध्यस्थ मात्र एखादी दूरची कंपनी, अशी ही नवी रचना आहे. सोय मोठी झाली, यात शंका नाही. तथापि एक तक्रार वारंवार ऐकू येते. एके दिवशी गाडी वेळेवर येते, दुसऱ्या दिवशी चालक ऐनवेळी फेरी रद्द करतो. एका घरी स्वच्छ अंथरूण व गरम पाणी मिळते. त्याच दराच्या दुसऱ्या घरी नळ कोरडा असतो. सेवेचा दर्जा असा कमीजास्त का होतो आणि तो स्थिर ठेवावयाचा तर काय करावे लागेल, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

परिचयावर उभी राहिलेली जुनी व्यवस्था

अनोळखी प्रवाशाला आपल्या घरात उतरवून घेणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. फोंडा तालुक्यातील मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील देवस्थानांभोवती भाविकांसाठी अग्रशाळा आहेत. पंढरपुरात आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चारही वाऱ्यांना मठांबरोबरच गावकऱ्यांच्या वाड्यांतही वारकरी उतरतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्याय यजमानाच्या कुळाची नोंद पिढ्यान्‌पिढ्या वहीत ठेवीत आले. वास्को येथे श्रावणात श्री दामोदर भजनी सप्ताह भरतो, तेव्हा गावोगावचे नातलग व स्नेही घरोघरी येऊन राहतात.

या सर्व व्यवस्थांना सांभाळणारे एक सूत्र होते. येणारा आणि उतरवून घेणारा हे एकमेकांना अगदीच परके नसत. गाव, कूळ, देवस्थान किंवा नाते यांपैकी काहीतरी दुवा असे. उपाध्यायाने यजमानाची आबाळ केली तर केवळ एक यजमान दुखावत नसे, त्या कुळाचे येणेच थांबण्याचे भय असे. पाहुणा पुन्हा येणार आहे, ही जाणीव हाच दर्जाचा पहारेकरी होता.

नवी रचना

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात २००७ साली एका परिषदेच्या वेळी हॉटेले भरून गेली असता काही तरुणांनी आपल्या घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले. त्यातून २००८ साली ‘एअरबीएनबी’ ही कंपनी उभी राहिली. त्याच शहरात २००९ साली ‘उबर’चा प्रारंभ झाला. भारतात ‘ओला’ने २०१० च्या अखेरीस मुंबईतून सुरुवात केली आणि २०१३ साली ‘उबर’ बंगळूरमध्ये आली. गोव्यात गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने ऑगस्ट २०१८ मध्ये ‘गोवा माइल्स’ ही ॲपवर चालणारी टॅक्सी सेवा सुरू झाली.

या व्यवसायात कंपनीचे स्वतःचे घर नसते, की गाडी नसते. ती मागणी आणि पुरवठा यांची गाठ घालून देते व त्याबद्दल हिस्सा घेते. हॉटेलात शंभर खोल्यांची चादर एकाच धुलाईघरातून येते, एस. टी. च्या अथवा कदंब महामंडळाच्या बसचा चालक एकाच सेवानियमाने बांधलेला असतो. येथे मात्र शंभर खोल्या म्हणजे शंभर घरे, शंभर स्वयंपाकघरे आणि शंभर स्वभाव. ॲपच्या पडद्यावर सर्व घरे एकाच चौकटीत, एकाच अक्षरवळणात दिसतात; त्यामुळे आतील सेवाही एकसारखी असेल असा पाहुण्याचा समज होतो. अपेक्षा एकसारखी आणि पुरवठा वेगवेगळा, हे असमाधानाचे पहिले मूळ होय.

दर्जा कमीजास्त होण्याची कारणे

पहिले कारण सेवेच्या स्वरूपातच आहे. साबणाची वडी कारखान्यात तयार होते, तिची तपासणी होते आणि मग ती दुकानात येते. टॅक्सीची फेरी मात्र ग्राहकाच्या डोळ्यांदेखत घडते आणि तेथेच संपते. खराब फेरी आधी बाजूला काढून ठेवता येत नाही. म्हणून सेवेची तपासणी सेवा घडण्यापूर्वी, म्हणजे वाहन, चालक, खोली, पाणी, स्वच्छता यांचीच करावी लागते.

दुसरे कारण माहितीच्या असमतोलाचे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीतील दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. फसवणुकीच्या भयाने घेणारा चांगल्या गाडीलाही कमीच किंमत देऊ करतो. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि मागे खराब गाड्याच उरतात. या विचाराच्या मांडणीबद्दल त्यांना इतर दोघा अर्थशास्त्रज्ञांसमवेत २००१ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हाच न्याय भाड्याच्या खोलीला लागू पडतो. पाहुण्याला चांगले घर आणि वाईट घर यांतील भेद आधी कळला नाही, तर तो सर्वांनाच घासाघीस करून कमी दर देतो. त्या दरात दररोज चादर बदलणे परवडत नाही. जो बदलतो तो तोट्यात जातो आणि जो बदलत नाही तो टिकतो.

तिसरे कारण उत्पन्नाच्या अस्थिरतेचे. गाडीचा हप्ता, विमा, परवाना, योग्यता प्रमाणपत्र आणि इंधन हे खर्च बाराही महिने चालू असतात. गोव्याचा पर्यटन हंगाम मात्र पावसाळ्याच्या चार महिन्यांत ओसरतो. जवळची फेरी परवडत नाही म्हणून ती टाळणे, परतीचे भाडे मिळणार नाही म्हणून अधिक रक्कम मागणे, हे वर्तन समर्थनीय नाही; तथापि त्यामागील हिशेब समजून घेतल्याखेरीज त्यावर उपायही सापडणार नाही.

ताऱ्यांची मर्यादा

यावर कंपन्यांनी शोधलेला उपाय म्हणजे ग्राहकाने सेवेनंतर एक ते पाच तारे देण्याची पद्धत. ती उपयुक्त आहे, पण अपुरी आहे. बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली एअरबीएनबीवरील जगभरातील सुमारे ६ लाख निवासस्थानांचे गुण तपासले. त्यांची सरासरी पाचपैकी ४.७ भरली आणि सुमारे ९५ टक्के घरांना साडेचार किंवा पाच तारे मिळालेले आढळले. प्रवाशांच्या अभिप्रायांच्या दुसऱ्या एका संकेतस्थळावर हॉटेलांची सरासरी ३.८ होती. वर्गातील जवळजवळ सर्व मुलांना नव्वदहून अधिक गुण मिळाले, तर त्या परीक्षेवरून हुशार मूल ओळखता येत नाही. तसाच हा प्रकार आहे.

असे होण्याचे कारण मानवी स्वभावात शोधावे लागते. ज्या घरी चार दिवस राहिलो, ज्या गृहिणीच्या हातची भाकरी खाल्ली, तिच्याविषयी वाईट लिहिणे माणसाच्या जिवावर येते. खाल्ल्या मिठाला जागण्याचा संस्कार येथे आड येतो. शिवाय आपण वाईट लिहिले तर यजमानही आपल्याविषयी वाईट लिहील, ही भीती असते. ती घालविण्यासाठी एअरबीएनबीने २०१४ साली नियम बदलला. दोघांनीही अभिप्राय लिहीपर्यंत किंवा १४ दिवसांची मुदत संपेपर्यंत एकाचा अभिप्राय दुसऱ्याला दिसत नाही. भीती यामुळे काही अंशी कमी होते. भीड कमी होत नाही. दुसरीकडे चालकाच्या बाबतीत एखादा रागावलेला प्रवासी रस्त्यावरील वाहतूक कोंडीचा दोषही त्याच्याच माथी मारून एकच तारा देतो. म्हणजे ही मोजणी एकीकडे फार सैल, तर दुसरीकडे फार कठोर होते.

दूध संकलन केंद्राचा धडा

खेड्यातील वाचकाला या प्रश्नाचे उत्तर आपल्या परिचयाच्या एका संस्थेत पाहावयास मिळेल. सहकारी दूध संस्थेत शंभर घरचे दूध येते. गाय, म्हैस, वैरण आणि धार काढणारे हात प्रत्येकाचे वेगळे. तरीही फोंडा तालुक्यातील कुर्टीच्या गोवा डेअरीची किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही दूध संघाची पिशवी फोडली असता आज एक आणि उद्या दुसरे, असा अनुभव येत नाही. कारण संकलन केंद्रावरच फॅट व इतर घटक मोजले जातात, खराब दूध तेथेच परत जाते आणि चांगल्या दुधाला त्याच मापाने अधिक दर मिळतो. पिणाऱ्याने दूध प्यावे आणि मग तारे द्यावेत, अशी ती व्यवस्था नाही.

या उदाहरणातून तीन तत्त्वे निघतात. माप आधी ठरलेले आणि सर्वांना ठाऊक असावे. मोजणी सेवा देण्यापूर्वी व्हावी. मापात उतरणाऱ्यास त्याचा मोबदला मिळावा. लहान लहान घरांनी मिळून दर्जेदार सेवा देता येते, फक्त तिच्या दारात एक ‘फॅट मोजणारे यंत्र’ असावे लागते.

टॅक्सीच्या क्षेत्रात

गोव्यातील टॅक्सीचा प्रश्न गेली अनेक वर्षे गाजत आहे. गोवा माइल्स सेवेविरुद्ध ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२१ मध्ये पारंपरिक टॅक्सीचालकांनी आंदोलन केले. मोपा विमानतळ सुरू झाल्यावर तेथील फेऱ्यांत स्थानिकांना प्राधान्य मिळावे, अशी मागणी पेडणे तालुक्यातील चालकांनी लावून धरली. राज्य शासनाने मे २०२५ मध्ये ॲप आधारित वाहतुकीसाठी मार्गदर्शक सूचनांचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यावरही तीव्र हरकती आल्या. चालकांची बाजू अशी की, ज्यांच्या गावची जमीन विमानतळासाठी गेली त्यांच्या हातचा रोजगार दूरच्या कंपनीच्या हाती जाऊ नये. प्रवाशांची बाजू अशी की, भाडे आधी कळावे आणि ते एकच असावे. या दोन्ही मागण्या न्याय्य आहेत आणि त्या परस्परविरोधी असल्याच पाहिजेत असेही नाही. ठरलेले भाडे व वेळेवर सेवा ही स्थानिक चालकानेच दिली, तर प्रवाशाला दुसरीकडे पाहण्याचे कारण उरत नाही.

कायद्याने याबाबत काही मापे ठरवून दिली आहेत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने ॲपद्वारे सेवा देणाऱ्या मध्यस्थांना परवाना आवश्यक झाला. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये राज्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२५ च्या सूचनांनुसार भाडे राज्याने ठरविलेल्या मूळ दराच्या निम्म्यापेक्षा कमी आणि दुपटीपेक्षा अधिक असू नये. सबळ कारणाशिवाय स्वीकारलेली फेरी रद्द करणाऱ्यास भाड्याच्या १० टक्के, कमाल १०० रुपये दंड सांगितला असून, तो चालक आणि प्रवासी या दोघांनाही लागू आहे. चालकांचे आरंभीचे प्रशिक्षण, तसेच सर्वांत कमी गुण मिळालेल्यांसाठी फेरप्रशिक्षण ही तरतूदही त्यांत आहे. कमी गुण मिळालेल्यास केवळ काढून न टाकता शिकविण्याचा हा मार्ग होय. लंडन शहरात टॅक्सीचालकाला रस्त्यांच्या ज्ञानाची कठीण परीक्षा १८६५ पासून द्यावी लागते. तेथील टॅक्सीचा लौकिक त्या परीक्षेवर उभा आहे.

वाहन ओळखण्याची साधी खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी. इंधनावर चालणाऱ्या भाड्याच्या टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. स्वतः चालविण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या वाहनाची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेले वाहन खाजगी होय. ते भाड्याने देणे बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विम्याच्या भरपाईत अडचण उद्‌भवू शकते.

घरगुती निवासाच्या क्षेत्रात

डिचोली तालुक्यात हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. लोहखनिजाचे उत्खनन २०१२ साली आणि पुन्हा मार्च २०१८ पासून थांबल्याने ट्रक, गॅरेज, खाणावळी यांवर पोट असलेल्या कुटुंबांपुढे पर्यायी उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. मये येथील तलाव, हरवळे येथील धबधबा व लेणी, छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेले नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराचे मंदिर अशी स्थळे या तालुक्यात आहेत. पेडणे तालुक्यातील मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या किनारी गावांत घरातील खोली भाड्याने देण्याची रीत रुळलेली आहे. शेजारच्या सिंधुदुर्गाला १९९७ साली पर्यटन जिल्हा घोषित करण्यात आले. तेथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेतून अनेक कुटुंबांनी आपली घरे पाहुण्यांना खुली केली.

गोव्यात अशा निवासाची पर्यटन खात्याकडे नोंदणी करणे १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार बंधनकारक आहे. केंद्र शासनाच्या निवास-न्याहारी योजनेत १ ते ६ खोल्यांच्या घरांची तपासणी होऊन त्यांना ‘सुवर्ण’ वा ‘रजत’ अशी श्रेणी मिळते आणि मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे, अशी अट असते. परदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत कळवावी लागते. काही घरमालकांना नोंदणी हा जाच वाटतो. वस्तुतः तिचा पहिला लाभ त्यांनाच आहे. अकेरलॉफ यांनी वर्णिलेल्या बाजारात चांगल्या विक्रेत्याला स्वतःचे चांगलेपण सिद्ध करावयाचे साधन नसते. तपासणीची श्रेणी हे ते साधन होय.

समजा, एका गावात दहा घरे पाहुणे ठेवतात. नऊ घरे नीटनेटकी आहेत, दहाव्यात दुर्लक्ष आहे. दहाव्या घरी उतरलेला पाहुणा परत जाऊन त्या घराचे नाव सांगत नाही, तो गावाचे नाव सांगतो. मोठे हॉटेल आपली बदनामी जाहिरातीने धुऊन काढू शकते. चार खोल्यांच्या घराला ते शक्य नसते. यास्तव दर्जा स्थिर ठेवण्याची गरज सर्वांत अधिक कोणाला असेल, तर ती लहान व्यावसायिकाला आहे.

ग्राहकाचे हक्क

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालील ई-वाणिज्य नियम २०२० हे ॲपवरून घेतलेल्या सेवेलाही लागू आहेत. कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमणे, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे आवश्यक आहे. तेथे दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क पडत नाही. पर्यटकांसाठी १३६३ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. तक्रारीसाठी पावती, फेरीचा तपशील, खोलीचे छायाचित्र आणि झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा. नुसत्या रागाने दिलेल्या एका ताऱ्यापेक्षा नेमक्या शब्दांत लिहिलेली तक्रार सेवा सुधारण्यास अधिक उपयोगी पडते.

गावाने करावयाच्या गोष्टी

१. पाहुणे ठेवणाऱ्या घरांनी व चालकांनी एकत्र बसून किमान माप लिहून काढावे : स्वच्छ शौचालय, प्रत्येक पाहुण्यास धुतलेली चादर, पिण्याचे सुरक्षित पाणी, दिवाबत्तीची पर्यायी सोय, दाराला नीट कडी.

२. दरपत्रक मराठी, कोकणी, हिंदी व इंग्रजीत दर्शनी भागी लावावे. सांगितलेला दर आणि घेतलेला दर एकच असावा.

३. जे देता येत नाही ते आधीच सांगावे. पाणी ठरावीक वेळीच येत असेल, रस्ता शेवटी पायवाटेचा असेल, तर ते जाहिरातीत लिहावे. खरे सांगितलेली उणीव पाहुणा सोसतो. लपविलेली उणीव तो विसरत नाही.

४. हंगामापूर्वी घरांची व वाहनांची परस्पर पाहणी करावी. शेजाऱ्याने दाखविलेला दोष पाहुण्याने दाखविलेल्या दोषापेक्षा स्वस्तात दुरुस्त होतो.

५. फेरी किंवा खोली स्वीकारल्यावर शब्द मोडू नये. अडचण आल्यास दुसऱ्याची व्यवस्था करून द्यावी.

६. तक्रार आल्यास ती वहीत लिहावी, उत्तर द्यावे व सुधारणेची नोंद ठेवावी.

वास्कोच्या सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते. ते एकाच मंडळाचे नसते. मंडळांमागून मंडळे येतात, आपली पाळी घेतात आणि टाळ खाली पडू देत नाहीत. आवाज वेगळे असतात, चाली वेगळ्या असतात. वेळ मात्र ठरलेली असते आणि ती सर्वांनी मानलेली असते. घराघरांतून आणि गाडीगाडीतून दिली जाणारी सेवा अशीच अखंड आणि भरवशाची होऊ शकते. त्यासाठी प्रत्येक घर हॉटेलासारखे दिसण्याची आवश्यकता नाही. पाहुण्याला दिलेला शब्द प्रत्येक दारी सारखाच पाळला जाणे आवश्यक आहे.

शिक्षकांसाठी : वर्गातील चर्चेचे प्रश्न

१. दूध संकलन केंद्रावरील मोजणी आणि ॲपवरील तारे यांत कोणता भेद आहे?

२. सर्वच घरांना पाच तारे मिळाले, तर पाहुण्याने निवड कशी करावी?

३. आपल्या गावातील टॅक्सीचालकाचा वर्षभराचा खर्च व उत्पन्न यांचा तक्ता करा. पावसाळ्यातील तूट भरून काढण्यासाठी कोणते न्याय्य उपाय सुचविता येतील?

४. आपले घर पाहुण्यांसाठी उघडावयाचे झाल्यास आधी कोणत्या पाच गोष्टी दुरुस्त कराव्या लागतील? त्यांची यादी घरच्या मंडळींशी बोलून तयार करा.